सामन्याआधीचे दोन दगड

कर्लिंग या बर्फावरून दगड सरकवण्याच्या खेळाच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत प्रत्येक सामन्याआधी दोन्ही संघ दोन-दोन दगड असे सोडतात, ज्यांची गुणफलकावर कधीच नोंद होत नाही. आपला सराव संपला की संघातील एक खेळाडू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा दगड सोडतो, त्यानंतर दुसरा खेळाडू उलट दिशेने फिरणारा दगड सोडतो, आणि लक्ष्यवर्तुळांच्या मध्यबिंदूपासून ते किती अंतरावर थांबले हे मोजून दोन्ही अंतरांची बेरीज मांडली जाते. ज्या संघाची बेरीज कमी, त्याच्या हाती पहिल्या एंडमधील, म्हणजे डावातील, शेवटचा दगड येतो. या प्रकाराला लास्ट स्टोन ड्रॉ म्हणतात. घरबसल्या सामना पाहणाऱ्याला तो बहुधा दिसतही नाही, कारण प्रक्षेपण सुरू होईपर्यंत हे सगळे उरकलेले असते.

गेली काही वर्षे मी हा खेळ नेमाने पाहतो आहे, आणि राष्ट्रीय संघ जागतिक स्पर्धेची तयारी करतो म्हणजे नेमके काय करतो, असे कोणी विचारले तर मी आधी या दोन दगडांबद्दल बोलतो. डावपेच, व्यायाम, मानसिक कणखरपणा या गोष्टींवर पुष्कळ लिहिले जाते आणि त्यांचे महत्त्व मी नाकारत नाही. परंतु अनोळखी बर्फावर, अनोळखी दगडाने, कोणताही अडथळा समोर नसताना मध्यबिंदू गाठता येणे हीच या खेळातील खरी पूंजी आहे, आणि महिनोन्‌महिन्यांची तयारी शेवटी तिच्यासाठीच चाललेली असते, असे माझे मत झाले आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुमारे ४५ मीटर लांब आणि जास्तीत जास्त ५ मीटर रुंद अशा बर्फाच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना वर्तुळे रंगवलेली असतात. या वर्तुळांना मिळून हाऊस म्हणतात, त्याचा व्यास १२ फूट असतो आणि मधोमध बटण नावाचे छोटे वर्तुळ असते. चार खेळाडूंचा संघ एका एंडमध्ये आठ दगड सोडतो, प्रत्येकाच्या वाट्याला दोन. सोळाही दगड सोडून झाले की ज्या संघाचा दगड बटणाच्या सर्वांत जवळ असेल त्यालाच गुण मिळतात. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा आत त्याचे जितके दगड असतील तितके. असे दहा एंड होतात. शेवटचा दगड ज्याच्या हाती, त्याचे पारडे जड. या शेवटच्या दगडाला हॅमर म्हणतात. एंडमध्ये गुण मिळवणाऱ्या संघाकडून पुढच्या एंडचा हॅमर प्रतिस्पर्ध्याकडे जातो, आणि कोणालाच गुण मिळाले नाहीत तर तो होता तिथेच राहतो. म्हणून हॅमर असताना किमान दोन गुण घ्यावेत, नसताना प्रतिस्पर्ध्याला एकाच गुणावर रोखावे किंवा स्वतःच गुण घ्यावा, म्हणजे चोरावा, या हिशेबावर सगळा सामना चालतो, आणि त्या हिशेबाची सुरुवात सामन्याआधीच्या दोन दगडांनी झालेली असते.

आता स्पर्धेचा आराखडा पाहावा. पुरुषांच्या आणि महिलांच्या जागतिक स्पर्धेत प्रत्येकी तेरा संघ असतात आणि प्रत्येक संघ इतर सर्वांशी एकदा खेळतो, म्हणजे साधारण आठवडाभरात बारा सामने. त्यातून पहिले सहा संघ बाद फेरीत जातात, त्यांतील पहिले दोन थेट उपांत्य फेरीत. एक सामना अडीच-तीन तास चालतो, आणि दहा एंडसाठी प्रत्येक संघाला विचार करायला एकूण ३८ मिनिटे मिळतात. संघ पुढचा दगड ठरवत असतो तेव्हा त्याचे घड्याळ चालू असते. ३८ मिनिटांत ८० दगडांचे निर्णय, तेही कधी सकाळी नऊच्या सुमारास आणि कधी रात्री, आणि दर वेळी वेगळ्या पट्टीवर. तंदुरुस्तीचा प्रश्न इथे येतो. दगडापुढे ब्रशने बर्फ घासण्याचे काम, म्हणजे स्वीपिंग, पाहणाऱ्याला वाटते त्याहून कितीतरी दमवणारे आहे, आणि लीड व सेकंड या पहिल्या दोन जागांवर खेळणाऱ्यांच्या वाट्याला त्यातले सर्वाधिक येते. म्हणूनच आजचे राष्ट्रीय संघ वजने उचलतात, सायकली चालवतात आणि दमलेल्या अवस्थेत अचूकपणा टिकावा यासाठी आधी शरीर थकवून मग दगड सोडण्याचा सराव करतात. हा भाग इतर खेळांच्या तयारीपेक्षा फारसा वेगळा नसल्याने मी त्यावर अधिक लिहीत नाही.

वेगळेपण सुरू होते ते दगडांपासून. खेळाडू स्वतःचा ब्रश आणतो, स्वतःचे बूट आणतो, परंतु दगड स्वतःचे आणू शकत नाही. ते आयोजकांचे असतात. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे क्लाइडच्या आखातात एल्सा क्रेग नावाचे निर्मनुष्य बेट आहे, पक्ष्यांसाठी राखलेले. तिथल्या ग्रॅनाइटपासून मॉखलिन या गावातील केज ही कंपनी १८५१ पासून कर्लिंगचे दगड घडवत आली आहे आणि ऑलिम्पिकचे दगडही तिचेच असतात. या बेटावरच्या ग्रॅनाइटचे दोन प्रकार कामी येतात. ब्लू होन हा अतिशय घट्ट कणांचा दगड पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे गोठण्या-वितळण्याने त्याचे टवके उडत नाहीत, आणि बर्फाला टेकणारा भाग त्याचा केला जातो. कॉमन ग्रीन हा प्रकार टकरी सोसतो म्हणून बाकीचा देह त्याचा. नियमाप्रमाणे दांड्यासह वजन १७.२४ ते १९.९६ किलोच्या दरम्यान असले पाहिजे.

इतका भारी दगड बर्फाला टेकतो तो मात्र तळाच्या अरुंद कड्यापुरताच. दगडाचा तळ मधोमध खोलगट असतो आणि त्याभोवती काही मिलिमीटर रुंदीचे एक वलय असते. तेवढेच बर्फावरून सरकते. हे वलय किती खरखरीत आहे, ते किती झिजले आहे, यावर दगड किती वळेल आणि किती लांब जाईल हे अवलंबून असते. एकाच खाणीतून निघालेले, एकाच कारागिराने घडवलेले, वजनाने सारखे असलेले दोन दगडही बर्फावर सारखे वागतीलच असे नाही. आठ दगडांच्या संचात एखादा हमखास जास्त वळतो, एखादा फूटभर आधीच थांबतो. शंभर-सव्वाशे फुटांवरून काही इंचांचा हिशेब करणाऱ्या खेळात हा फरक माहीत नसेल तर बाकीच्या सर्व कौशल्यावर पाणी पडते.

या ठिकाणी पाचव्या खेळाडूची गाठ पडते, आणि मला स्वतःला संपूर्ण तयारीत सर्वांत जास्त जिव्हाळा वाटतो तो त्याच्या कामाबद्दल. संघाच्या यादीत पाचवे नाव राखीव खेळाडूचे असते. पुष्कळदा संपूर्ण स्पर्धेत त्याला एकही एंड खेळायला मिळत नाही. परंतु दिवसाचे सामने आटोपून प्रेक्षक निघून गेले की रात्रीच्या सरावासाठी पट्ट्या उघडतात, आणि दुसऱ्या दिवशी आपला संघ ज्या पट्टीवर ज्या दगडांनी खेळणार आहे, तेच दगड हा पाचवा खेळाडू प्रशिक्षकाबरोबर एकामागून एक सोडून पाहतो. प्रशिक्षक पलीकडच्या टोकाला वही आणि स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो. खेळाडूने प्रत्येक दगड शक्य तितक्या समान वेगाने, समान फिरकीने, समान रेषेवर सोडायचा, जेणेकरून जो फरक दिसेल तो दगडाचा असेल, हाताचा नसेल. मग जोड्या लावल्या जातात: तिसरा आणि सहावा सारखे वागतात, ते स्किपला, म्हणजे संघनायकाला, द्यावेत, पहिला जास्त वळतो, तो लीडने गार्डसाठी, म्हणजे हाऊसपुढे आडोसा म्हणून ठेवायच्या दगडासाठी, वापरावा, कारण तिथे फूटभर इकडेतिकडे झाले तरी चालते. दुसऱ्या दिवशी स्किपने शेवटचा दगड उचलला की त्याच्या स्वभावाची माहिती त्याला आधीच दिलेली असते. हा रात्रीचा सराव चालू असताना चारही खेळाडू झोपलेले असतात, आणि झोप मिळणे हाही त्यांच्या तयारीचाच भाग असतो. या सरावाला वेळ काही मिनिटांचाच असतो, म्हणून राष्ट्रीय शिबिरांमध्ये राखीव खेळाडूकडून हे काम मुद्दाम घोटून घेतले जाते. एकसारखे दगड सोडण्याची हातोटी असलेला, आणि आपण स्वतः खेळणार नाही हे ठाऊक असूनही ते मन लावून करणारा माणूस मिळणे सोपे नाही. संघ निवडताना या जागेसाठी केवळ पाचवा सर्वोत्तम नेमबाज शोधणारे निवडकर्ते चुकतात, असे मला ठामपणे वाटते.

दगडानंतर बर्फ. कर्लिंगचा बर्फ गुळगुळीत नसतो. सपाट केलेल्या पट्टीवर तंत्रज्ञ पाठीवर टाकी घेऊन झारीसारख्या तोटीने शुद्ध केलेल्या पाण्याचे बारीक थेंब शिंपडत जातो. ते गोठून दाणे तयार होतात, त्यांना पेबल म्हणतात. मग एका पात्याने दाण्यांचे शेंडे समतल छाटतात. दगड या दाण्यांच्या माथ्यांवरून सरकतो. बर्फाचा पृष्ठभाग उणे पाच अंश सेल्सिअसच्या आसपास राखला जातो, परंतु सभागृहात दोन-चार हजार माणसे येऊन बसली, दरवाजे उघडझाप झाले, हवेतील दमटपणा वाढला की त्याचा वेग बदलतो. शिवाय सामना पुढे सरकेल तसे दाणे झिजतात; ज्या वाटेने जास्त दगड गेले ती वाट वेगवान होते, कडेची वाट जड राहते. एखाद्या क्लबच्या कायमस्वरूपी हॉलमध्ये वर्षभर सराव केलेला संघ जेव्हा मोठ्या आइस हॉकीच्या रिंगणात स्पर्धेपुरत्या घातलेल्या बर्फावर येतो, तेव्हा त्याला पहिले काही सामने नुसते वाचन करण्यातच घालवावे लागतात. त्यामुळे संघांना स्पर्धेआधीच्या महिन्यांत निरनिराळ्या देशांतील निरनिराळ्या बर्फावर पाठवले जाते. विजय मिळणे हा त्या दौऱ्यांचा दुय्यम हेतू असतो. एका सामन्याच्या आत वेग ओळखण्याची सवय लागणे हा पहिला.

दगड वळतो कसा, हाच मुळात अजून पुरता न सुटलेला प्रश्न आहे, आणि या खेळाकडे मी ओढला गेलो त्यामागे हेही एक कारण आहे. गुळगुळीत टेबलावर पाण्याचा पेला उपडा ठेवून घड्याळाच्या दिशेने फिरवत पुढे सरकवला तर तो डावीकडे जातो. कर्लिंगचा दगड त्याच दिशेने फिरत असताना उजवीकडे जातो. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली असे मांडले की दगडाच्या पुढच्या भागाचे खरखरीत कण बर्फावर तिरपे ओरखडे काढतात आणि मागचा भाग त्या ओरखड्यांच्या आधाराने वळत जातो. सर्व अभ्यासकांना ते पटलेले नाही, आणि घर्षणाच्या इतर उपपत्तीही मांडल्या जातात. खेळाडूला मात्र उपपत्तीची वाट पाहता येत नाही. आजच्या बर्फावर, या दगडाने, या वेगाला किती वळण मिळते एवढेच त्याला हवे असते, आणि ते त्याला प्रत्येक दगडागणिक नव्याने गोळा करावे लागते.

घासण्यामुळे काय होते हे त्या मानाने स्पष्ट आहे: दाण्यांचे माथे किंचित तापून घर्षण घटते, दगड अधिक सरळ जातो आणि काही मीटर अधिक लांब जातो. २०१५ च्या हिवाळी हंगामात काही नव्या ब्रशांची कापडे इतकी प्रभावी निघाली की घासणारे खेळाडू दगडाला जवळजवळ हवे तिथे नेऊ लागले, आणि सोडणाऱ्याच्या हाताला काही किंमत उरेना. खेळाडूंनी स्वतःच आक्षेप घेतला. २०१६ मध्ये जागतिक संघटनेने चाचण्या करून स्पर्धांसाठी एकच प्रमाणित कापड ठरवून दिले. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. अन्यथा दगड सोडण्याचे कौशल्य घडवण्यात खर्च झालेली वर्षे निरर्थक ठरली असती.

आता पुन्हा त्या दोन दगडांकडे. एखाद्या खेळाडूची ही कृती जवळून पाहिली तर तयारीचा सगळा तपशील तीत सापडतो. ती खेळाडू दगड आडवा करून तळहाताने त्याचा तळ पुसते, कारण एखादा बारीकसा केस किंवा धुळीचा कण वलयाखाली आला तरी दगड भरकटतो. बर्फात रोवलेल्या रबरी आधारात, म्हणजे हॅकमध्ये, एक पाय टेकवते. दुसऱ्या बुटाच्या तळाला निसरडी चकती असते. दगड किंचित मागे घेते, हॅकमधून रेटा देते आणि बर्फालगत झुकलेल्या शरीराने दगडामागे सरकत जाते. वेग हाताने द्यायचा नसतो, तो पायाच्या रेट्यातून आलेला असतो; शेवटच्या क्षणी हाताने दिलेला हलकासा धक्काही दगडाला हाऊसच्या पार नेतो. हाऊसच्या पुढे आखलेली आडवी रेषा, म्हणजे हॉग लाइन, ओलांडण्याआधी दांडा सुटला पाहिजे. दांड्यात बसवलेला संवेदक हात वेळेत सुटला की हिरवा दिवा दाखवतो, उशीर झाला तर लाल. सुटताना दांड्याला अगदी थोडे वळण दिलेले असते, इतके की संपूर्ण प्रवासात दगडाचे दोन-तीनच फेरे होतात.

त्याच वेळी घासणाऱ्या दोघींपैकी एकीने मनगटाजवळचे स्टॉपवॉच हाऊसच्या मागच्या रेषेपाशी सुरू करून हॉग लाइनपाशी थांबवलेले असते. त्या आकड्यावरून दगड कुठवर जाईल याचा पहिला अंदाज येतो; सेकंदाच्या दहाव्या भागाचा फरक दगडाला हाऊसच्या एका वर्तुळातून दुसऱ्यात नेऊन ठेवतो. स्पर्धेच्या उत्तम बर्फावर हॉग लाइनपासून पलीकडच्या बटणापर्यंत पोहोचायला दगड २४-२५ सेकंद घेतो, आणि एवढ्या वेळात अंदाज सतत दुरुस्त करत राहायचा असतो. अनेक संघांत यासाठी आकड्यांची भाषा ठरलेली असते: हाऊसच्या पुढच्या कडेला चार, बटणापाशी सात, मागच्या कडेला दहा. घासणारी मोठ्याने “सहा” म्हणाली की पलीकडे उभ्या असलेल्या स्किपला कळते की दगड बटणाच्या थोडा अलीकडे थांबेल, आणि घासायचे की थांबायचे हे ठरते. सराव शिबिरांतील कितीतरी तास नेमके याच गोष्टीत जातात: चौघींचे “सहा” एकच असले पाहिजे. एकीचा सहा दुसरीच्या सातला मिळत असेल तर चारही खेळाडू स्वतंत्रपणे उत्कृष्ट असूनही संघ हरतो.

नियमांनी या दगडांना आणखी एक वजन दिले आहे. हाऊसच्या बाहेर राहिलेल्या दगडाला १९९.६ सेंटिमीटर हे कमाल अंतर लावले जाते, आणि साखळी फेरीतील सर्व सामन्यांच्या या अंतरांची, सर्वांत वाईट कामगिरी वगळून, सरासरी काढली जाते. दोन किंवा अधिक संघांचे विजय समान झाले आणि परस्परांतील सामन्यांतूनही निकाल लागेना, तर ही सरासरी क्रम ठरवते. शिवाय हे दगड दर वेळी एकाच भरवशाच्या खेळाडूकडून टाकून घेता येत नाहीत. साखळी फेरीत संघातील प्रत्येकाला आपला वाटा उचलावा लागतो. म्हणजे ज्या लीडकडून एरवी फक्त गार्डची अपेक्षा असते, तिलाही बटण गाठता आलेच पाहिजे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमधील महिलांच्या स्पर्धेत घडले. दहा संघांच्या साखळीत स्वित्झर्लंड आठ विजयांसह पहिला आणि स्वीडन सात विजयांसह दुसरा आला. त्यांच्यामागे ग्रेट ब्रिटन, जपान आणि कॅनडा हे तिन्ही संघ पाच विजय आणि चार पराभव अशा एकाच ठिकाणी येऊन थांबले. ब्रिटनने जपानला हरवले होते, जपानने कॅनडाला, आणि कॅनडाने ब्रिटनला. परस्परांतील सामने काही सांगू शकत नव्हते. निर्णय सामन्याआधीच्या दगडांच्या सरासरीवर गेला. ब्रिटन तिसरा, जपान चौथा, कॅनडा बाहेर. आपला शेवटचा साखळी सामना स्वित्झर्लंडकडून हरल्यावर जपानच्या खेळाडूंनी आपण बाहेर पडलो असेच धरले होते, आणि आपण उपांत्य फेरीत आहोत हे त्यांना नंतर कळले. त्यानंतर जपानने उपांत्य सामन्यात त्याच स्वित्झर्लंडला हरवले. पहिल्याच एंडमध्ये चार गुणांनी मागे पडलेल्या ब्रिटनने जादा एंडमध्ये स्वीडनवर १२-११ असा विजय मिळवला. आणि सरासरीच्या जोरावर आत आलेले हेच दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर उभे राहिले. ब्रिटनने तो १०-३ असा जिंकला.

कॅनडाच्या दृष्टीने हा निकाल कठोर होता हे मान्य केले पाहिजे. ज्या देशात कर्लिंगचे सर्वाधिक खेळाडू आहेत, त्याचा संघ इतर दोघांइतकेच सामने जिंकूनही काही सेंटिमीटरांच्या फरकाने परतला. पूर्वी अशा वेळी बरोबरी सोडवण्यासाठी आणखी सामने खेळवले जात, आणि तेच न्याय्य होते असे म्हणणारे आजही आहेत. मला तो युक्तिवाद समजतो, पण पटत नाही. जादा सामना एका दुपारचा निकाल सांगतो, तर ही सरासरी संघाने संपूर्ण स्पर्धेत, प्रत्येक पट्टीवर, दोन्ही फिरक्यांनी आणि सर्व खेळाडूंच्या हातून काय केले हे सांगते.

ब्रिटनच्या त्या संघाचा आधीचा प्रवासही तयारीच्या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. ईव्ह म्युअरहेड ही २०१४ ची कांस्यपदकविजेती स्किप. २०१८ मध्ये कांस्यपदकाच्या सामन्यात तिचा शेवटचा दगड चुकला आणि पदक जपानकडे गेले. २०२१ च्या जागतिक स्पर्धेत, जिथे ब्रिटनऐवजी स्कॉटलंडचा स्वतंत्र संघ खेळतो, तिच्या नेतृत्वाखाली स्कॉटलंड आठवा आला, तर ऑलिम्पिकचे थेट प्रवेश पहिल्या सहांनाच होते. त्यानंतर ठरलेला संघ पाठवण्याऐवजी खेळाडूंचा एक मोठा गट करण्यात आला, त्यांना स्टर्लिंगच्या राष्ट्रीय अकादमीत वेगवेगळ्या जोडण्यांत खेळवून पाहण्यात आले, आणि त्यातून म्युअरहेड, व्हिकी राइट, जेनिफर डॉड्स, हेली डफ व राखीव मिली स्मिथ असा संघ उभा राहिला. राइट परिचारिका होती आणि साथीच्या काळात रुग्णालयातील कामावर परतली होती. या संघाने नोव्हेंबर २०२१ मध्ये लिलेहामरला युरोपीय अजिंक्यपद मिळवले, डिसेंबरमध्ये नेदरलँड्समधील लेउवार्डनच्या पात्रता स्पर्धेतून ऑलिम्पिकचा प्रवेश मिळवला आणि फेब्रुवारीत सुवर्णपदक.

यावरून खेळाडू निवडून संघ बांधणे हीच योग्य पद्धत आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, परंतु अमेरिकेचा अनुभव नेमका उलट आहे. २०१४ च्या ऑलिम्पिकनंतर तिथल्या संघटनेने आपल्या उच्च प्रशिक्षण योजनेतून जॉन शुस्टरला वगळले. त्याने वगळलेल्या इतरांना बरोबर घेऊन स्वतःचा संघ केला, तो संघ जिंकत गेला, आणि २०१८ मध्ये प्याँगचँगला त्यानेच स्वीडनला १०-७ असे हरवून अमेरिकेला कर्लिंगचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. कॅनडात जागतिक स्पर्धेसाठी तर मूळ परंपराच अशी की संघ स्वतः जमतात, प्रांतांतून झगडत राष्ट्रीय स्पर्धेत येतात आणि जो जिंकेल तो देशाचा पोशाख घालतो. पुरुषांची ही स्पर्धा १९२७ पासून चालत आली आहे. त्या पद्धतीत कोणावर मेहेरनजर नसते, ही तिची मोठी बाजू. परंतु देशात जिंकून जागतिक स्पर्धेला निघेपर्यंत हाती फार थोडे आठवडे उरतात, ही अडचण.

मला या दोन्ही मार्गांत समान दिसते ती गोष्ट अशी की जिंकलेल्या संघांत दगडाच्या वेगाचा अंदाज चौघांचा एक झालेला होता. म्युअरहेडच्या संघाला त्यासाठी काही महिने पुरले, कारण सर्वजणी आधीपासून एकाच सभागृहात, एकाच प्रशिक्षकगटाकडे वाढल्या होत्या. जपानचा लोको सोलारे संघ होक्काइदो बेटावरील कितामीच्या तोकोरो भागात रुजलेला. तिथे हिवाळ्याचा हाच खेळ, आणि स्किप सात्सुकी फुजिसावाच्या सहकारी वर्षानुवर्षे एकमेकींच्या हाका ओळखत आलेल्या. पाचव्या एंडनंतरच्या मध्यंतरात बर्फाकडेला बसून फळे आणि गोड खाऊ खात त्या पुढच्या पाच एंडची आखणी करत, आणि २०१८ मध्ये प्रेक्षकांना त्या दृश्याचेच कौतुक अधिक वाटले. त्या मध्यंतरात बर्फ कुठे जड झाला आहे आणि कुठे वेगवान, याचीच चर्चा प्रामुख्याने चालते, हे लक्षात घेतले म्हणजे तो खाऊही तयारीच्या वेळापत्रकातला एक भाग वाटू लागतो.

पुढच्या जागतिक स्पर्धेत ज्यांना हे पारखून पाहायचे असेल त्यांच्यासाठी माहिती सहज उपलब्ध असते. प्रत्येक सामन्याच्या अधिकृत निकालपत्रकावर दोन्ही संघांचे लास्ट स्टोन ड्रॉचे आकडे सेंटिमीटरमध्ये छापलेले असतात, आणि साखळीच्या तक्त्यात संघागणिक सरासरीचा स्वतंत्र रकाना असतो. मी विजय-पराभवांच्या आधी तो रकाना वाचतो. पहिल्या दोन दिवसांत दोन सामने हरलेल्या संघाचीही सरासरी सामन्यागणिक खाली येत असेल, तर त्याला बर्फ सापडू लागला आहे आणि पाचव्या खेळाडूच्या वहीतल्या जोड्या बरोबर लागत आहेत असे मी धरतो, आणि आठवड्याच्या उत्तरार्धात त्याचे सामने पाहण्यासाठी वेळ राखून ठेवतो.